समुद्राचा आस, बोडीचं पाणी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या गावी मच्छीमार संस्थांची एक सभा झाली. विषय एकच होता: बारीक आसाच्या, म्हणजे लहान घरांच्या, जाळ्यांवर तालुकाभर सरसकट बंदी घालावी की नाही. पडद्यावर चित्रं दाखवत होते ती ट्रॉलरची, म्हणजे समुद्राचा तळ खरवडत जाणाऱ्या बोटींची. त्या जाळ्यातून ओतलेला चिमुकल्या पापलेटांचा ढीग, त्यावर लाल फुली. अरबी समुद्र आमच्यापासून सातशे किलोमीटरहून लांब. सभागृहातल्या निम्म्या माणसांनी तो पाहिलेला नाही. चित्रं संपली आणि दोन तट पडले. एक म्हणाला, गरीब माणूस मच्छरदाणी लावून पिल्लं संपवतो, बंदी घालाच. दुसरा म्हणाला, आमच्या बापजाद्यांपासून हीच जाळी आहेत, हात लावाल तर खबरदार. दोन तास हेच चाललं. चहाच्या वेळी माझ्याशेजारी बसलेले ढिवर या मासेमार समाजातले एक वयस्क मामा हळूच म्हणाले, ‘गुरुजी, जार नाही चुकत जी, येर चुकते.’ आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, ‘ळ’चा ‘र’ होतो. जाळं चुकत नाही, वेळ चुकते. पण मामा माइकवर गेले नाहीत आणि त्यांना कोणी बोलावलंही नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपले तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, वाचवायच्या असतील तर समुद्राच्या संशोधनाकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. फक्त आपण नेमकी चुकीची गोष्ट उचलतो आहोत. तिथला आकडा आपण घेतो आणि तो ज्या रीतीने काढला ती रीत तिथेच सोडून येतो. परंपरावाल्यांचंही तसंच. आजोबांचं जाळं ते घेतात, आजोबांचा संयम नाही घेत.

समुद्रावर काय झालं ते आधी नीट पाहू, कारण त्या कामाला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्था १९४७ची. जाळ्यांचा आणि बोटींचा अभ्यास करणारी कोचीची संस्था १९५७ची. या लोकांनी वर्षानुवर्षं बंदरावर उभं राहून मासे मोजले, पोटं चिरून गाभोळी पाहिली, कोणता मासा किती लांबीचा झाल्यावर पहिल्यांदा अंडी धरतो हे जातवार लिहून ठेवलं. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला चौकोनी घराचा ४० मिलिमीटरचा आस असावा ही शिफारस त्यातून आली. त्यामागचं कारण साधं आहे. शंकरपाळ्याच्या आकाराचं घर जाळं ओढताना मिटतं आणि चौकोनी घर ओढ बसली तरी उघडं राहतं, त्यातून पिल्लू निसटतं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली, तीही याच मोजणीच्या बळावर. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदीही पावसाळी समुद्राचा धोका आणि माशांची वीण पाहून ठेवलेली. प्रत्येक नियमामागे एका विशिष्ट पाण्यातला एक विशिष्ट मासा आहे.

आणि खुद्द समुद्रात तरी सगळ्यांना एकच आस कुठे आहे? आमच्या आठवडी बाजारात पोत्यावर ओतलेला सुका जवळा प्रत्येकाने पाहिलाय. वांग्यात घालायचा तो. जवळ्याचा पूर्ण वाढलेला जीवही दोन-चार सेंटिमीटरच्या वर जात नाही. तो ४० मिलिमीटरच्या घरात थांबेल का? कोकणात तो डोल जाळ्याच्या बारीक विणीत पकडतात. म्हणजे बारीक जाळ्याने धरलेला जवळा जेवून आलेली माणसं सभेत बसून बारीक जाळ्याला पापी ठरवत होती. आमच्या तलावातले झिंगे, बोटभर लांबीच्या चिल्लर मासोळ्या यांचंही तेच. त्या लहान दिसतात म्हणून पिल्लं नव्हेत, जन्मभर तेवढ्याच राहतात. मोठ्या आसाची सक्ती केली की पहिला फटका बसतो तो बाजारात वाटे लावून बसणाऱ्या बाईला, आणि त्या वाट्यावर पोट भरणाऱ्या घराला. ही मासोळी काट्यासकट, डोक्यासकट खाल्ली जाते. पोराच्या हाडात जे जायचं ते त्या काट्यातूनच जातं. रोहूची तुकडी हे काम करत नाही.

आता बंदीवाल्यांची बाजू. तिच्यात दम आहे आणि तो मी नाकारणार नाही. समुद्रात पिल्लाला पळायला जागा असते, बोडीत नसते. एप्रिल-मेमध्ये पाणी आटून एका डबक्यापुरतं उरतं तेव्हा सगळ्या तलावाचं पुढच्या वर्षीचं बियाणं त्या डबक्यात असतं. तिथे दोघांनी मच्छरदाणी धरून एक फेरी मारली की तो तलाव उघडा पडतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. चिखलात लोळणारी वीतभर लांबीची मरळ, तिच्यासोबत नखाएवढे जीव, सगळं एकाच घमेल्यात. त्याच दिवसांत कोणी पाण्यात कीटकनाशक ओततो, कोणी तारेवर आकडा टाकून करंट सोडतो. अशा उरलेल्या डबक्यात मच्छरदाणी बंद व्हावी, यावर माझं दुमत नाही.

पण इथून सरसकट बंदीवर उडी मारताना एक मोठी गोष्ट निसटते. मरळीचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात ती अंडी घालते, नर-मादी दोघं राखण करतात. पिल्लं निघाली की पाण्याच्या वरच्या थरात लालसर थवा फिरताना दिसतो आणि खाली आई-बाप. जाणता माणूस तो थवा ओळखतो आणि बरोबर त्याच्या मधोमध गळ टाकतो. राखण करणारी मरळ चवताळून गळावर येते. एक गळ, एक मासा, तोही पूर्ण वाढलेला. कागदावर याहून निर्दोष मासेमारी नाही. जाळं नाही, पिल्लू नाही, लहान मासा नाही. कोणत्याही आसाच्या नियमात तो बसतो, किमान लांबीच्या नियमातही बसतो. आणि राखण मोडली की तो थवा बाकीच्या माशांच्या पोटात जातो. त्याच तलावात डिसेंबरमध्ये बारीक जाळ्याने झिंगे काढले तर काय बिघडतं? फारसं काही नाही. मामांच्या ‘येर चुकते’ या दोन शब्दांत हे सगळं होतं. कोणताही नियम यापेक्षा भोळा असेल तर तो मासा वाचवत नाही, फक्त दंडाची पावती फाडतो.

बारीक जाळ्याला आणि ते वापरणाऱ्या गरिबाला दोष देण्याची सवय काही नवी नाही. फ्रान्सिस डे या इंग्रज शल्यविशारदाने हिंदुस्थानभर फिरून गोड्या पाण्यातल्या माशांचा अभ्यास केला आणि १८७३ मध्ये सरकारला अहवाल दिला. माणूस मोठा अभ्यासू. भारतीय माशांवरचं त्याचं काम आजही हाताशी लागतं. त्याचाही रोख बारीक जाळी आणि शेतात चढलेली पिल्लं धरणारी माणसं यांच्यावर होता. पुढे १८९७चा मत्स्य कायदा आला. त्यात पाण्यात सुरुंग लावणं आणि विष घालणं हा गुन्हा ठरला, जाळ्यांच्या आकाराचे नियम करण्याचे अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाले. सव्वाशे वर्षं उलटून गेली. विष आणि स्फोटकं तेव्हापासून गुन्हा आहेत, तरी आमच्या सभेत विषावर पाच मिनिटं आणि जाळ्यावर दोन तास. का? जाळं हातात धरून फोटो काढता येतो, जप्त करता येतं. विष ओतणारा सहसा रात्री येतो आणि बरेचदा तो ढिवर नसतोच.

परंपरेच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी जवळचा वाटेन, म्हणून त्यांच्याशी जरा कडक बोलतो. पहिल्या मोठ्या पावसात तलावातली मासोळी उलट्या धारेने वर चढते, पाटातून, धानाच्या बांध्यांतून, जिथे गुडघाभर पाणी आणि गवत आहे तिथे अंडी घालायला. त्याच वाटेवर बांबूच्या कामट्यांचे सापळे लावणं हीसुद्धा परंपराच आहे. पूर्वी ते निभावून गेलं, कारण सापळे थोडे होते, वाटा अनेक होत्या आणि कोणत्या नाल्यावर कोण बसणार हे ठरलेलं असे. आज बांध्यांचे धुरे ट्रॅक्टरने सरळ केलेत, नाले सिमेंटच्या नळ्यांत घातलेत. वर जायची वाट एखादीच उरते आणि तिच्या तोंडावर तीन सापळे. ही परंपरा म्हणायची?

जाळ्याचंही तसंच. आजोबांचं जाळं सुताचं होतं. घरी विणायचं, आस बोटांनी मोजायचा (दोन बोटी, चार बोटी), वापरून झालं की वाळवायचं, नाहीतर कुजणार. ते विणायला जेवढे दिवस लागत तेवढीच मासेमारी होत असे. मेहनत हाच मुळी आळा होता. तंगूसचं, म्हणजे नायलॉनच्या धाग्याचं, जाळं बाजारात आयतं मिळतं, हलकं असतं, पाण्यात दिसत नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या तलावाच्या सांडव्यापाशी चिखलात रुतलेला तंगूसचा एक गुंता आम्ही उपसला. कोणीतरी दोन-तीन वर्षांपूर्वी टाकलेला असावा. त्यात एक कासव मेलेलं, पाठीचं कवच तेवढं उरलेलं, दोन पाणकोंबड्यांची हाडं, आणि एक शिंगी मासोळी जिवंत. जाळ्याचा मालक विसरून गेला होता, जाळं आपलं काम करत होतं. समुद्रात या बेवारस जाळ्यांवर मोठा अभ्यास चाललाय, आमच्याकडे त्याला कोणी नावही दिलेलं नाही. तेव्हा ‘बापजाद्यांचं जाळं’ म्हणून ज्याची कड घेतली जाते ते बापजाद्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

तिसरा एक तट सभेत फार बोलला नाही, कारण पैसा त्याच्याच बाजूला आहे. तो म्हणतो, ही भानगडच कशाला? गावठी मासोळी जाऊ द्या, रोहू-कतला-मृगळ सोडा, सहा-आठ महिन्यांत वजनदार माल काढा. याही म्हणण्यात खरं पुष्कळ आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवून आणली आणि देशाच्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं रूप पालटलं. आमच्या कितीतरी संस्थांनी रोहू-कतल्याच्या पैशावर कर्जं फेडली, पोरी शिकवल्या. तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो उगाच नाही.

तरी हिशेब पुरता मांडा. हे मासे वाहत्या नदीत अंडी घालणारे, साचल्या तलावात वीण करत नाहीत. म्हणजे बोटुकली, बोटभर पिल्लं, दरवर्षी विकत. पाऊस लांबला, बीज मेलं, सांडव्यावरून वाहून गेलं तर नुकसान संस्थेचं. मरळ, मांगूर, शिंगी मात्र त्याच तलावात, त्याच बांध्यांत फुकट वाढतात. कोणाच्या ताळेबंदात त्यांचा रकाना आहे? संस्थेच्या वहीत ‘इतर’ या नावाखाली एक ओळ असते, ती बहुधा कोरी. बाई रोज संध्याकाळी जे पावशेर-अर्धा किलो घरी नेते, विकते, पाहुण्याला घालते, ते मोजलंच गेलेलं नाही. न मोजलेली वस्तू कमी झाली तर कळणार कसं? त्यात भर म्हणून पाणवनस्पती साफ होतील म्हणून गवत्या कार्प सोडायचा. तो देवधान, हायड्रिला फस्त करतो, आणि मग मांगूर कुठे लपणार, अंडी कशाला चिकटणार, हे विचारायला कोणी नसतं. हिमाचलच्या गोविंदसागर जलाशयात १९७१ मध्ये चंदेरी कार्प चुकून शिरला आणि पुढे कतल्याला मागे सारून तिथे त्याचंच राज्य झालं. तिथे निदान मोजदाद होत होती, म्हणून हे आपल्याला ठाऊक तरी आहे.

या सगळ्याच्या मुळाशी पाण्याच्या मालकीचा प्रश्न आहे, आणि तो सभेच्या विषयपत्रिकेवर नव्हता. आमचे हे साडेसहा हजारांहून अधिक मामा (माजी मालगुजारी) तलाव, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत पसरलेले, सरकारने बांधलेले नाहीत. गोंड राजांच्या काळापासून लोकांनी बांधले. कोहळी समाजाने पाळी, म्हणजे बांध, घातल्या, धानाला आणि उसाला पाणी दिलं. मासोळी ढिवरांची, निस्तार, म्हणजे पाण्याच्या रोजच्या वापराचा हक्क, गावाचा. १९५१ला मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि आज मासोळीचा हक्क ठेक्याने मिळतो. ज्याचा ठेका पाच वर्षांचा, तो चौथ्या वर्षी कशाला मरळीच्या जोडीला सोडून देईल? पुढच्या साली ती दुसऱ्याच्या जाळ्यात जाणार. लोभाला नावं ठेवण्याआधी ही मुदत पाहावी. सामाईक वस्तू उजाड होणारच, असं म्हणणारे १९६८ सालचा गॅरेट हार्डिनचा निबंध पुढे करतात. पण लोक आपसात नियम ठरवून सामाईक पाणी आणि कुरणं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हे कोणी सांगत नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात मासोळी आणि पाण्यातल्या इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. जंगलालगतच्या किती गावांनी तो मागितला? बांबू आणि तेंदू यांपुढे आमची नजर गेलेली नाही. ही चूक आमची.

राहता राहिला सगळ्यात व्यवहारी आक्षेप. सभेत एका तरुण अधिकाऱ्याने तो घेतला आणि प्रामाणिकपणे घेतला. ‘सर, हजारो तलाव आहेत. प्रत्येकाचा वेगळा अभ्यास कोण करणार? एक नियम सगळ्यांना, म्हणजे निदान राबवता तरी येतो.’ पटण्यासारखं आहे. शास्त्रज्ञ थोडे, गाडीला डिझेल नाही, कर्मचारी एक आणि तालुके तीन. पण अभ्यास म्हणजे फक्त शास्त्रज्ञाने करायची गोष्ट, हे गृहीत धरल्यामुळे तो अवघड वाटतो.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंडची गोष्ट इथे आठवते. शेकडो वर्षं कॉड माशावर जगलेला तो किनारा. ऐंशीच्या दशकात काठाकाठाने मासेमारी करणारे छोटे मच्छीमार ओरडून सांगत होते की मासा लहान होत चाललाय, कमी येतोय. सरकारी अंदाज सांगत होते की साठा वाढतोय. कारण अंदाजात मोठ्या ट्रॉलरच्या पकडीला वजन होतं, आणि ट्रॉलर तर उरलेल्या माशांचे थवे नेमके हुडकून भरून येत होते. २ जुलै १९९२ रोजी कॉडची मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांहून अधिक माणसांचा रोजगार एका घोषणेने गेला. बंदी पूर्णपणे उठायला २०२४ उजाडलं. तिथे यंत्रं होती, संस्था होत्या, पैसा होता. काठावरच्या माणसाचं बोलणं पुरावा म्हणून लिहून घ्यायची पद्धत तेवढी नव्हती.

आमच्याकडे ती सुरू झालेली आहे, हेही सांगायला हवं. अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर संस्थांना सोबत घेऊन तलावांतल्या मासोळ्यांची आणि पाणवनस्पतींची नोंद केली, बेशरमची झुडपं उपटली, स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. त्यात बायका पुढे होत्या. हे काम करायला बोट लागली नाही. माहिती ढिवरांकडे होती, तिला वहीची जोड मिळाली.

मी स्वतः गेल्या पावसाळ्यात आमच्या बोडीपुरता एक उद्योग केला. शाळेतली जुनी फूटपट्टी, दोनशे पानी वही, आणि रोज सकाळी मासोळी विकायला निघणाऱ्या एका आजी. त्या वाटे लावण्याआधी मी चार-पाच मासे मोजायचो आणि त्या पोटावर अंगठा दाबून सांगायच्या: भरली, रिकामी, भरली. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं गुरुजींना ऊन लागलं. आठवड्याने त्या मी यायच्या आधीच मासे वेगळे काढून बसायला लागल्या. जुलैच्या मध्यापर्यंत माझ्या वहीत दिसायला लागलं की चिल्लर मासोळी बारीक असतानाच गाभोळी धरते आणि शिंगी त्या मानाने उशिरा, चांगली लांब झाल्यावर. आजींना दाखवलं तर म्हणाल्या, ‘हे विचारलं असतं तं मीच सांगितलं असतं जी.’ एका बोडीची एका मोसमाची ही वही काही शास्त्र नव्हे. पण अशा पन्नास वह्या तालुक्यात भरल्या तर बंदी कोणत्या नाल्याच्या तोंडावर, कोणत्या पंधरवड्यात आणि कोणत्या जाळ्यावर घालायची याचं उत्तर त्यांत असेल. पाण्याच्या वाटेवरचे सापळे पहिल्या पावसात उठवायचे, पिल्लांच्या थव्यावर गळ टाकायचा नाही, आटलेलं शेवटचं डबकं कोणीही ढवळायचं नाही. एवढ्या तीन गोष्टी तर वह्यांविनाही उद्यापासून करता येतील, संस्थेने ठराव केला तर.

हे सगळं मी सभेच्या शेवटी पाच मिनिटांत मांडलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी मुद्दे चांगले असल्याचं सांगितलं, सापळ्यांचा ठराव पुढच्या सभेत घ्यायचं ठरवलं आणि वहीत तारीख लिहून घेतली: जुलैचा शेवटचा आठवडा. मी मामांकडे पाहिलं. ते चपला शोधत होते. मृग लागायला दोन आठवडेही उरले नव्हते.